जुना ‘कॉर्न पिकर’ का अडकतो?

अमेरिकेच्या आयोवा, इलिनॉय, ओहायो या मक्याच्या पट्ट्यात काही शेतांवर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कणीसतोडणी यंत्रे आजही चालवली जातात. ‘कॉर्न पिकर’ हे त्यांचे नाव. १९५० च्या दशकाच्या मध्यास कम्बाइन हार्वेस्टरला मक्याची तोडणी करणारे तोंड जोडले गेले, दाणे शेतातच सुटे होऊ लागले आणि पिकर मागे पडला. तथापि, अख्खी कणसे जाळीदार कोठारात वाऱ्यावर वाळवून जनावरांसाठी भरडणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांनी तो सोडलेला नाही.

यंत्राची रचना साधी आहे. ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टवरून, मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या गतीने त्याला शक्ती मिळते. पुढच्या साखळ्या ताटे आत ओढतात. त्यांच्या खाली दोन लांब, तिरपे रोलर एकमेकांकडे फिरत असतात. ते ताट खाली खेचतात. जाड कणीस मात्र त्या फटीतून जात नाही आणि देठापासून तुटते. पुढे रबरी व लोखंडी रोलरांच्या जोड्या त्यावरची पाने सोलतात आणि उचलपट्टा कणीस मागच्या गाडीत टाकतो.

जुन्या पिकरची मुख्य तक्रार एकच, ती म्हणजे ताटे अडकून यंत्र तुंबणे. बहुधा दोष रोलरांचा असतो. त्यांच्यावरील पिळाच्या उंच कडा झिजल्या की ताटावरची पकड सुटते. अशा कडांवर वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवता येतो. मात्र दोन्ही रोलर सारखेच भरावे लागतात. एकाच्या कडा दुसऱ्याच्या खोबणीत बसल्या नाहीत तर दुरुस्तीनेच नवा बिघाड होतो. रोलरांमधील फटही तपासायला हवी. ती अरुंद असेल तर ताटे मोडून कचरा साचतो. रुंद असेल तर कणसाचा बुडखा चेपला जाऊन दाणे जमिनीवर सांडतात. कित्येकदा यंत्रात काहीच दोष नसतो. ट्रॅक्टर भरधाव हाकला तर रोलरांनी खेचण्यापूर्वीच ताटे पुढे वाकतात आणि त्यांचा गुंता होतो.

स्लिप क्लचचा ‘कटकट’ आवाज येऊ लागला की त्याची स्प्रिंग आवळण्याचा मोह अनेकांना होतो. तो घातक आहे. कुठेतरी काही अडकले आहे, हे सांगण्यासाठीच तो क्लच घसरतो. त्याला गप्प केले की साखळी तुटते किंवा गिअरचे दात उडतात. कणसे न सोलता बाहेर पडत असतील तर बहुधा सोलणाऱ्या रोलरांचे रबर कडक झालेले असते किंवा त्यांवरील दाब कमी झालेला असतो.

या साऱ्याला केवळ उत्पन्नाचा हिशेब नाही. तुंबलेला पिकर पाहून चालक खाली उतरतो. पीटीओ बंद करून, खाली वाकून, सुरीने ताटे कापण्यात बराच वेळ जातो. फिरत्या रोलरांतून एक ताट उपसले तर सारे मोकळे होईल असे त्याला वाटते. वस्तुत: घसरणारा रोलर त्या ओढीनेच पुन्हा पकड घेतो. रोलर ताटाला सेकंदाला सुमारे १२ फूट वेगाने आत घेतात, त्यामुळे मूठ सोडण्याचा विचार मनात येईपर्यंत हात आत गेलेला असतो. पिकरच्या भराच्या काळात सुगी आली की अमेरिकी खेड्यांत बोटे आणि हात गमावल्याच्या बातम्या येत. आपल्याकडे मळणी यंत्रांनी हेच केले आणि १९८३ मध्ये केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला.

म्हणून ज्या पिकरचे रोलर वारंवार तुंबतात, तो दुरुस्त होईपर्यंत शेतात नेऊ नये. दुरुस्तीलाही क्रम आहे. आधी पीटीओ तोडायचा, इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकायची आणि रोलर पूर्ण थांबेपर्यंत दूर उभे राहायचे. बहुतेक जुन्या यंत्रांवरून गहाळ झालेले शाफ्टचे संरक्षक आवरण सर्वप्रथम बसवावे. साखळ्या, बेअरिंग, रोलर हे सारे त्यानंतर. सुटे भाग अनेकदा भंगारातल्या दुसऱ्या पिकरवरून मिळवावे लागतात, साखळ्या मात्र प्रमाणित मापाच्या असल्याने नव्या मिळू शकतात. जुळणी झाल्यावर यंत्र अर्धा तास रिकामे, मंद गतीने चालवावे. मग बंद करून एकेका बेअरिंगची ऊब पाहावी. जे इतरांहून अधिक तापलेले असेल, ते सुगी सुरू होण्याआधीच बदलावे.