हातात मावणारा, हाताने जोडलेला

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा बोर्ड ६५ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद आहे; काडेपेटीपेक्षा थोडा लांब, थोडा अरुंद. एवढ्याशा जागेत १ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, वाय-फाय आणि मेमरी कार्डाची खाच आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो १५ डॉलरला बाजारात आला. त्याच्याशेजारी निंटेंडोचा १९८३ चा फॅमिकॉम ठेवून पाहावा. नव्वदच्या दशकात आपल्या शहरांतल्या कितीतरी घरांत टीव्हीला जोडले जाणारे, पिवळ्या ‘कॅसेट’ फुंकर मारून बसवायचे जे व्हिडिओ गेम होते, ते याच फॅमिकॉमच्या नकला. मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि कामाची रॅम अवघी २ केबी होती. म्हणजे पाय झीरोकडे त्याच्या अडीच लाख पटींहून अधिक रॅम आहे. मूळ यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे एम्युलेटर वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार झालेले आहेत, आणि रेट्रोपाय, रीकॅलबॉक्स किंवा लक्का यांपैकी एखादी प्रणाली मेमरी कार्डावर उतरवायला अर्धा तास पुरतो. तेव्हा या बोर्डापासून हातात धरून खेळायचा गेम बनवताना गेम चालवणे हा भाग जवळजवळ सुटलेलाच असतो.

उरतो तो बाकीचा भाग, आणि खरे यंत्र तिथेच असते. बॅटरी, पडदा, बटणे, आवाज, खोके, बंद करण्याची सोय यांतले काहीही बोर्डावर तयार मिळत नाही. घरी जोडलेल्या या यंत्राकडे जुन्या आठवणींचे खेळणे म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. मला ते अपुरे वाटते. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याला एक संपूर्ण वस्तू शेवटपर्यंत नेण्याचा इतका नेटका धडा दुसऱ्या कुठल्या लहान प्रकल्पात मिळत नाही, असे माझे म्हणणे आहे. कॉलेजातले बहुतेक प्रकल्प टेबलावर, भिंतीतल्या प्लगच्या भरवशावर, परीक्षकापुढे पाच मिनिटे चालण्यापुरते असतात. हे यंत्र मात्र तासन्‌तास, एखाद्या पोराच्या घामट हातात, बॅटरीवर चालायचे असते.

हा धडा नवा नाही. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांच्या विभागाने १९८९ मध्ये गेम बॉय बाजारात आणला, तेव्हा त्याचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा होता आणि त्यात करड्याच्या फक्त चार छटा होत्या. अटारीचा लिंक्स आणि पाठोपाठ सेगाचा गेम गिअर रंगीत होते, ताकदीनेही वरचढ होते. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे खपली. योकोई यांच्या विचारसूत्राला मराठीत ‘मुरलेल्या तंत्राचा आडवा विचार’ म्हणता येईल. जे तंत्र स्वस्त झाले आहे, ज्याच्या खोडी ठाऊक झाल्या आहेत, ते घ्यायचे आणि नव्या जागी वापरायचे. पाय झीरो २ डब्ल्यूमध्ये बसवलेली चिपही २०१६ च्या रास्पबेरी पाय ३ मधलीच आहे, वेग थोडा उतरवून बसवलेली. मुरलेले तंत्र ते हेच.

सर्वांत जास्त शिकवते ती बॅटरी. लिथियम सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो आणि रिकामा होता होता ३ च्या आसपास येतो; बोर्डाला मात्र ५ व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये व्होल्टेज चढवणारे मॉड्यूल येते. बोर्ड, पडदा आणि स्पीकर मिळून २ वॅट खातात आणि मॉड्यूलमध्ये तेरा टक्के वाया जातात असे धरले, तर सेलमधून २.३ वॅट ओढले जातात. २००० मिलिअँपिअर-तासाच्या सेलमध्ये साधारण ७.४ वॅट-तास असतात, म्हणजे खेळ तीन तासांच्या थोडा वर चालेल. गंमत पुढे आहे. सेल भरलेला असताना या २.३ वॅटसाठी साधारण ०.५५ अँपिअर लागतात, तोच ३.२ व्होल्टवर उतरला की ०.७२ अँपिअर लागतात. सेल जसा थकतो तसा त्याच्यावरचा भार वाढतो, बारीक वायरमध्ये व्होल्टेज आणखी पडते आणि यंत्र अचानक पुन्हा सुरू होते. रास्पबेरीच्या मोठ्या बोर्डांवर व्होल्टेज घसरल्याचा इशारा देणारे सर्किट असते, झीरोच्या मालिकेत ते नाही. त्यामुळे दोष वायरचा असतो आणि शोध चालतो सॉफ्टवेअरमध्ये. वायर जाड घेतली, लांबी कमी केली, सोल्डरचा डाख नीट चकचकीत बसला की दोष जातो. ओहमचा नियम पुस्तकात पाठ केलेल्या मुलाला तो इथे पहिल्यांदा हाताला लागतो. चार्जिंगचेही तसेच. सर्वत्र मिळणारे टीपी४०५६ चे स्वस्त मॉड्यूल सेल व्यवस्थित भरते, पण सेल भरतानाच त्यातून यंत्र चालवले तर चार्जिंग पूर्ण झाले कधी हे त्या चिपला नीट कळत नाही. संरक्षण सर्किट नसलेला सेल वापरू नये, आणि कनेक्टर लावण्याआधी धन-ऋण टोके मीटरने तपासावीत, कारण वेगवेगळ्या उत्पादकांच्या सेलची टोके उलटसुलट असतात. यात घाई करण्याला माफी नाही.

आणि यंत्र बंद कसे करायचे? गेम बॉयची कळ सरकवली की संपले. पाय झीरोवर लिनक्स चालते. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज तोडली तर कार्डावरच्या फाइली बिघडू शकतात. म्हणून कळ थेट विजेवर न लावता आधी बोर्डाला ‘आवरते घे’ असा संकेत द्यावा लागतो, किंवा कार्ड फक्त वाचण्यापुरते उघडे ठेवावे लागते. चाळीस वर्षांत यंत्राची ताकद अफाट वाढली, आणि त्याबरोबर एक साधी सोय गेली.

पडद्याचा हिशेब वेगळा. बाजारात सहज मिळणारा छोटा पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा असतो आणि तो एसपीआय नावाच्या मोजक्या तारांच्या जोडणीवर चालतो. एका चित्रात ७६,८०० ठिपके, प्रत्येकाला १६ बिट, सेकंदाला ६० चित्रे. म्हणजे दर सेकंदाला ७ कोटी ३७ लाख बिट त्या तारांतून जायला हवेत. ते जड जाते. त्यावर उपाय म्हणून आधीच्या चित्रापेक्षा बदललेले ठिपकेच पाठवणारे ड्रायव्हर लिहिले गेले, आणि वाहणारा पाट न रुंदावता पाणीच कमी सोडण्याची ती युक्ती मला फार आवडते. आकाराचीही गोष्ट आहे. फॅमिकॉमचे चित्र २५६ बाय २४० चे, त्यामुळे ते या पडद्यावर ठिपक्याला ठिपका बसते आणि दोन्ही बाजूंना बत्तीस-बत्तीस ठिपक्यांची काळी पट्टी उरते. गेम बॉयचे चित्र मात्र दुप्पट केले तर उंची २८८ होते, मावत नाही. दीडपट केले तर काही ठिपके जाड, काही बारीक दिसतात. पडदा विकत घेण्याआधी आपण मुख्यतः कुठले खेळ खेळणार हे ठरवावे लागते ते यासाठी.

बटणे त्यामानाने सोपी. बोर्डाची पिन आतल्या रोधातून ३.३ व्होल्टला बांधलेली असते, तिथे १ वाचला जातो. बटण दाबले की पिन ग्राउंडला टेकते आणि ० होतो. पत्रा पत्र्याला टेकताना काही मिलिसेकंद थरथरतो, तेवढे सॉफ्टवेअरने गाळायचे. आवाजासाठी झीरोवर जॅक नाही, म्हणून दोन पिनांवरून निघणारा संकेत रोध आणि कपॅसिटरने गाळून छोट्या अँप्लिफायरला द्यावा लागतो.

आता आक्षेप. ॲनबर्निक, मियू यांसारख्या चिनी कंपन्यांची तयार यंत्रे सुट्या भागांच्या बेरजेइतक्या किंवा त्याहून कमी पैशांत मिळतात, आणि ती अधिक सुबक असतात. हे खरे आहे. ज्याला फक्त खेळायचे आहे त्याने तेच घ्यावे, किंवा हातातल्या फोनवर एम्युलेटर टाकावा. पण तयार यंत्र शिकवत नाही, आणि बिघडले की त्याचे काय करायचे हे ठाऊक नसते. जोडलेल्या यंत्राचा सेल फुगला, बटण रुतले, पडदा फुटला तर तो भाग तेवढा बदलता येतो, कारण तो कुठे आणि का बसवला आहे हे जोडणाऱ्याला माहीत असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो चोरीचा. एम्युलेटर बनवणे बेकायदा नाही. अमेरिकेत सोनीने एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर भरलेल्या दाव्यात २००० साली अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. पण खेळांवर स्वामित्व हक्क असतो, आणि हजारो खेळ भरून विकली जाणारी कार्डे सरळ चोरीची असतात. आपल्या १९५७ च्या कायद्यातले कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिच्यापासून राखीव प्रत करण्याची मुभा देते, ती तेवढ्यापुरतीच. अडचण अशी, की अमेरिकेत २०२३ साली झालेल्या अभ्यासात तिथले ८७ टक्के जुने खेळ आता कुठेही नव्याने विकत मिळत नाहीत असे आढळले. विकत न मिळणारी वस्तू जपायची कशी, हे कायद्याने सोडवायला हवे. तोवर शिकणाऱ्याची मात्र मुळीच अडवणूक होत नाही. गेम बॉयसाठी आजही लोक नवे खेळ लिहितात, ‘टोबू टोबू गर्ल’सारखे काही मुक्त परवान्याने वाटतात, आणि जीबी स्टुडिओ या मोफत साधनाने आठवीतली मुलगीही स्वतःचा खेळ रचू शकते. स्वतः जोडलेल्या यंत्रावर स्वतः रचलेला खेळ चालला तर चोरीचा प्रश्नच उरत नाही.

केंब्रिजमध्ये संगणकशास्त्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्ज घटू लागले, म्हणून एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रास्पबेरी पायची कल्पना मांडली. पहिला बोर्ड २९ फेब्रुवारी २०१२ ला आला. मुलांनी उघडून, जोडून, मोडून शिकावे हाच त्यामागचा हेतू. आपल्याकडे नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान देऊन. तिथल्या शिक्षकांना एवढीच विनंती, की हा प्रकल्प एकदा करून पाहावा, आणि क्रम पाळावा. आधी बोर्ड टीव्हीला जोडून साध्या चार्जरवर खेळ चालवावा. मग ब्रेडबोर्डवर एकच बटण लावावे, ते चालले की बाकीची. त्यानंतर पडदा, मग आवाज. सेल सर्वांत शेवटी, मीटर हातात घेऊन, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली.