चाल जुळवावी की पाने टाकावीत?



पगाराच्या दिवशी तीन पत्तीत खिसा रिकामा करून घरी जाणारे कामगार मी पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हा जुगाराची भलावण मी करणार नाही. परंतु अमेरिकेतील लिमिट पोकर या खेळात एक हिशेब आहे, आणि तो माझ्यासारख्या सातवी शिकलेल्यालाही वर्गणीच्या वहीमागे मांडता येतो.

टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडतात : आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. चालीच्या फेऱ्या चार. ‘लिमिट’ म्हणजे चालीची रक्कम ठरलेली. समजा, पहिल्या दोन फेऱ्यांत १० डॉलर, पुढच्या दोन फेऱ्यांत २०. समोरच्याने चाल केली की तेवढेच पैसे घालून राहणे याला ‘कॉल’ म्हणतात. नाहीतर चाल वाढवावी, किंवा पॅक व्हावे.

आता समजा, आपल्या हाती दोन बदाम आहेत आणि उघडलेल्या चार पानांत आणखी दोन. पाचवे बदाम आले तर कलर होऊन डाव आपला, असे धरू. ५२ पैकी सहा पाने आपण पाहिली, उरली ४६. त्यांत बदाम ९, निकामी पाने ३७. समोरच्याची चाल धरून मध्ये १४० डॉलर जमले आहेत आणि आपल्याला २० घालावयाचे आहेत. असा प्रसंग ४६ वेळा आला, तर ३७ वेळा २० प्रमाणे ७४० जातील आणि ९ वेळा १४० प्रमाणे १२६० येतील. कॉल करावा.

परंतु हाती छक्की-सत्ती, मध्ये नव्वी-दश्शी, आणि हवी केवळ अठ्ठी, तर उपयोगी पाने चारच. ८४० जातील, ५६० येतील. अठ्ठी आल्यावर शेवटच्या फेरीत आणखी २० मिळाले, तरी बेरीज ६४०. पाने टाकावीत.

येथे माणूस फसतो तो एका वाक्याने : ‘आतापर्यंत एवढे घातले, आता कसे सोडू?’ मध्ये जमलेला पैसा किती, हे मोजावेच. पण त्यातला आपण किती टाकला, हे विसरावे. तो आता आपला राहिलेला नाही.

शेवटच्या फेरीत मात्र प्रश्न बदलतो. पान यावयाचे नाही; समोरचा खरा की थाप मारतो, एवढेच. मध्ये १८० आणि घालावयाचे २०, तर दहांतून एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. चुकीचा कॉल २० डॉलरचा, चुकीची माघार १८० ची. म्हणून जेथे थापेलाही हरवील एवढा हात आहे, तेथे बहुधा कॉल करावा. जेथे तेवढाही नाही, तेथे कुतूहलापोटी पैसे घालू नयेत.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दोघांत खेळावयाच्या लिमिट होल्डेमचा हिशेब यंत्राकडून जवळजवळ पुरा सोडविला. त्या यंत्रालाही समोरच्याची पाने दिसत नाहीत. ते फक्त मोजते.

आता माझी चूक सांगतो. एका कारखान्यातील संपात मालकाकडून तडजोड आली. ती बरी होती. मी सभेत म्हणालो, ‘एवढे दिवस उपाशी काढले, आता माघार कशी?’ टाळ्या पडल्या. पुढे त्याहून कमी पदरात घेऊन लोक कामावर गेले. सरलेले दिवस मी मोजले. पुढे जिंकण्याचा संभव किती आणि प्रत्येक दिवसाची किंमत किती, हे मोजले नाही. शिवाय घालावयाचे पैसे माझे नव्हते, त्यांच्या चुलीचे होते.

धीर पाहिजेच. पण प्रत्येक चालीला हिशेब नव्याने मांडावा, आणि तो मागे पाहून नव्हे, पुढे पाहून.