चार मिनिटांचा दिग्दर्शक

म्युझिक व्हिडिओचा दिग्दर्शक आधीच ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्याला दृश्यरूप देतो. चित्रपटात पटकथा आधी येते आणि गाणे तिच्या गरजेनुसार बसवले जाते. इथे गाणे हीच पटकथा असते. लांबी ठरलेली, लय ठरलेली, शब्दही ठरलेले. या तीन बंधनांत राहून पाहणाऱ्याच्या मनात गायकाची किंवा कलावंताची ठसठशीत प्रतिमा उमटवणे हे त्याचे काम आहे.

भारतात या कामाची पूर्वतयारी चित्रपटगीतांनी केली. 1935 च्या ‘धूपछाँव’ या चित्रपटापासून पार्श्वगायन रुळू लागले. आधी मुद्रित केलेले गाणे चित्रीकरणाच्या वेळी वाजवायचे आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे, ही रीत आज म्युझिक व्हिडिओचाही पाया आहे. मुंबईतल्या परळमध्ये व्ही. शांताराम यांनी 1942 मध्ये राजकमल कलामंदिर उभारले आणि गीतचित्रणाला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा दिली. ‘झनक झनक पायल बाजे’ (1955) या टेक्निकलर चित्रपटात गोपीकृष्णांच्या नृत्याला साजेल अशी नेपथ्याची आणि रंगांची मांडणी त्यांनी केली. ‘नवरंग’ (1959) मधल्या होळीच्या नृत्यात संध्या यांनी एकाच वेळी स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही भूमिका केल्या. कथा क्षणभर बाजूला ठेवून गाणे स्वतःच्या बळावर उभे राहू शकते, हे या कामाने सिद्ध केले.

मात्र हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो दूरचित्रवाणीमुळे. 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही संगीत वाहिनी सुरू झाली. तिच्यावर दाखवलेल्या पहिल्या व्हिडिओचे दिग्दर्शक रसेल मल्काही यांनी पुढे ‘हायलँडर’ हा चित्रपट केला. व्हिडिओवर हात बसवून चित्रपटाकडे वळण्याची ही वाट नंतर डेव्हिड फिंचर आणि स्पाइक जोन्झ यांनी रुंद केली. जालंधरमध्ये जन्मलेले तरसेम सिंग हेही याच वाटेचे. आर.ई.एम. या बँडसाठी त्यांनी 1991 मध्ये केलेला व्हिडिओ गाजला आणि 2000 मध्ये ‘द सेल’ हा त्यांचा पहिला चित्रपट आला.

भारतात 1994 मध्ये चॅनल व्ही आणि 1996 मध्ये एमटीव्ही इंडिया आले. दिवसभर दाखवायला गाणी हवी होती आणि कॅसेट कंपन्यांना आपले गायक घराघरांत पोहोचवायचे होते. या दुहेरी गरजेतून मुंबईत दिग्दर्शकांची एक पिढी घडली. अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’चा 1995 चा व्हिडिओ केन घोष यांनी केला. त्यात शिवाजी पार्कात वाढलेले मिलिंद सोमण झळकले आणि घरोघरी ओळखीचे झाले. घोष यांनी 2003 मध्ये ‘इश्क विश्क’ दिग्दर्शित केला. जाहिरात क्षेत्रातून आलेल्या प्रदीप सरकार यांनी शुभा मुद्गल आणि युफोरिया बँड यांच्यासाठी व्हिडिओ केले. युफोरियाच्या अशाच एका व्हिडिओत विद्या बालन होत्या आणि 2005 मध्ये सरकार यांच्याच ‘परिणीता’तून त्यांचे हिंदी चित्रपटांत पदार्पण झाले. राधिका राव आणि विनय सप्रू या जोडीचा ‘कांटा लगा’ (2002) हा रीमिक्सच्या लाटेतल्या सर्वांत गाजलेल्या व्हिडिओंपैकी एक. ‘ऐका दाजिबा’मुळे त्याच सुमारास मराठी गाणेही संगीत वाहिन्यांवर दिसू लागले.

कामाचे टप्पे

व्हिडिओची सुरुवात गाणे पुन्हा पुन्हा ऐकण्यापासून होते. मुखडा कुठे येतो, अंतऱ्याआधीचा वाद्यमेळ किती लांब आहे, आवाज कुठे चढतो, याचा तक्ता तयार होतो. हिशेब अगदी काटेकोर असतो. मिनिटाला 100 ठोके असलेल्या गाण्यात एक ठोका 0.6 सेकंदाचा. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर ठोक्याला 15 फ्रेम आणि चार ठोक्यांच्या आवर्तनाला 60 फ्रेम मिळतात. चार मिनिटांच्या गाण्यात अशी 100 आवर्तने बसतात. शॉट कुठे तोडायचा याचा निर्णय या मोजपट्टीवर होतो. प्रत्येक ठोक्यावर शॉट बदलला की डोळा थकतो, म्हणून जाणता दिग्दर्शक काही ठोके मुद्दाम सोडून देतो.

मग कल्पना लिहून कंपनीला दिली जाते. तिला ट्रीटमेंट नोट म्हणतात. ती मंजूर झाली की खर्चाचा अंदाज, कॅमेरामन, नृत्यदिग्दर्शक आणि कलादिग्दर्शक यांची निवड आणि जागांची रेकी ही कामे एकामागोमाग एक येतात.

जागेच्या दृष्टीने मुंबईतला भायखळा आणि आसपासचा परिसर, उदाहरणार्थ, फार समृद्ध आहे. भायखळा रेल्वे स्थानकाची 1857 मधली दगडी इमारत 2022 मध्ये मूळ रूपात आणली गेली आणि त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. राणीची बाग, 1872 मध्ये खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, खडा पारशीचा पुतळा, चाळींचे लाकडी कठडे, भाजी बाजार आणि लालबाग-परळमधल्या गिरण्यांच्या खुणा असे अनेक काळ इथे चालत जाण्याच्या अंतरात भेटतात. पण प्रत्येक जागेचा मालक वेगळा. स्थानकासाठी मध्य रेल्वेची, महापालिकेच्या जागेसाठी महापालिकेची आणि रस्त्यावर पोलिसांची परवानगी लागते. खासगी चाळीत मालकाशी आणि रहिवाशांशी बोलणी करावी लागतात. गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत राज्य शासनाची एक खिडकी व्यवस्था चालते. परवानग्यांची ही कामे लाइन प्रोड्यूसर बघतो, पण त्यांना किती दिवस लागतील हे दिग्दर्शकाला ठाऊक असावे लागते.

चित्रीकरण बहुधा एकदोन दिवसांत उरकावे लागते. संपूर्ण गाणे वेगवेगळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा घेतले जाते, म्हणजे संकलनात तोड जुळते. गायकाचे ओठ गाण्याशी जुळवून हालचाल मात्र संथ दाखवायची असेल तर सेकंदाला 50 फ्रेमने चित्रण करतात आणि सेटवर गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. गायक तितक्याच वेगाने ओठ हलवतो. पडद्यावर 25 फ्रेमने दाखवल्यावर ओठ बरोबर जुळतात आणि केस, कपडे, पाणी संथ गतीने हलताना दिसतात. त्यानंतर संकलन, रंगसंस्कार आणि कंपनीने सुचवलेले बदल होऊन व्हिडिओ पूर्ण होतो.

प्रवेशाच्या वाटा

या कामासाठी ठरलेली पदवी नाही. पुण्याची एफटीआयआय, गोरेगावची व्हिसलिंग वूड्स, फोर्टमधल्या झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्ससारख्या संस्था किंवा मुंबईच्या सर जे. जे. कला संस्थेतले उपयोजित कलेचे शिक्षण यांतून अनेक जण येतात. काही जण संकलक किंवा कॅमेरामन म्हणून सुरुवात करतात. सर्वांत रुळलेली वाट सहायकाची. कपड्यांची सलगता सांभाळणारा सहायक काही वर्षांनी मुख्य सहायक होतो आणि पूर्ण सेट चालवायला शिकतो.

यूट्यूब आल्यावर वाट आणखी खुली झाली. वाहिनीच्या मंजुरीची गरज उरली नाही. धारावी, कुर्ला, अंधेरी इथल्या तरुणांच्या रॅप गाण्यांचे व्हिडिओ त्यांच्याच गल्ल्यांत चित्रित झाले. ‘मेरे गली में’ (2015) या गाण्याचे रॅपर डिव्हाइन आणि नेझी यांच्या आयुष्यावरून ‘गली बॉय’ (2019) या चित्रपटाला प्रेरणा मिळाली. नवोदितासाठी मित्राच्या गाण्यावर केलेला एक चांगला व्हिडिओ हीच शोरील, म्हणजे कामाची नमुनाफीत, ठरते.

नाव, मोबदला आणि हक्क

दिग्दर्शकाला बहुधा एकरकमी मानधन मिळते. काही वेळा कंपनी संपूर्ण व्हिडिओची ठोक रक्कम देते आणि खर्च भागवून उरेल ते त्याचे. अशा करारात पावसाने वाया गेलेल्या दिवसाचा भार त्याच्यावर पडतो.

हक्कांची बाजू याहून कमकुवत आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चलचित्राचा कर्ता निर्माता असतो आणि म्युझिक व्हिडिओ हे चलचित्रच आहे. 2010 च्या दुरुस्ती विधेयकात मुख्य दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याचा प्रस्ताव होता, तो अंतिम कायद्यात राहिला नाही. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीला संरक्षण दिले, दिग्दर्शकाला ते मिळाले नाही. व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिला गेला तरी कायद्याने त्याला काही देणे लागत नाही. श्रेयाचीही तीच कथा. अमेरिकेतल्या एमटीव्हीनेसुद्धा दिग्दर्शकाचे नाव पडद्यावर देण्यास 1992 च्या अखेरीस सुरुवात केली, म्हणजे वाहिनी सुरू झाल्यावर अकरा वर्षांनी.

त्यामुळे ही कारकीर्द अनेकांसाठी मधला मुक्काम ठरते. काही जण जाहिरातींत स्थिरावतात, काही जण वेब मालिका किंवा चित्रपटांकडे जातात. गीतकार आणि संगीतकार यांच्याबरोबरीने गाण्याचा चेहरा घडवणाऱ्या माणसालाही त्याच्या कमाईत वाटा मिळणे न्याय्य आहे. कायदा बदलेपर्यंत श्रेयनामावली, बदलांची मर्यादा, हप्त्यांच्या तारखा, वाया गेलेल्या दिवसाची जबाबदारी आणि शोरीलमध्ये व्हिडिओ वापरण्याची मुभा या पाच गोष्टी करारात लेखी घेणे, एवढेच दिग्दर्शकाच्या हाती आहे.