पाणी कुठे अडतं

स्टॅनमोर म्हणजे लंडनच्या जुबिली लाइनचं शेवटचं स्टेशन. नदी इथून बरीच लांब, तरी काही घरांपुढे ट्रेलरवर बोटी उभ्या दिसतात. उन्हाळ्यात गाडीला जोडून थेम्सवर नाहीतर साउदॅम्प्टनकडच्या समुद्रात न्यायच्या, एरवी ताडपत्रीखाली. माझ्या आतेभावाची बोटही त्यातलीच. दादाचं म्हणणं असं, की थेम्सवर ती काहीच त्रास देत नाही. समुद्रात वेग घेतला की मात्र तापमानाचा काटा चढायला लागतो.

या तक्रारीतच निम्मं निदान आहे. टेडिंग्टनच्या वर थेम्सवर ताशी 8 किलोमीटरची वेगमर्यादा आहे; तेवढ्या वेगात इंजिनाला फार पाणी लागतच नाही. संथ चालतानाच इंजिन तापत असतं, तर पहिला संशय पंपावर घेतला असता. फक्त वेगात तापतंय म्हणजे पाणी येतंय, पण पुरत नाही. वाटेत कुठेतरी अडतंय.

ही वाट वेडीवाकडी आहे, कारण स्टर्नड्राइव्हची रचनाच तशी. इंजिन बोटीच्या आत, आणि पंख्याचा पाय बाहेर, पाण्यात. जिम विन या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये बाजारात आणली, मागोमाग 1961 मध्ये मर्क्रूझर आलं. पाय वळतो, वर उचलला जातो. इंजिन जागचं हलत नाही. दादाच्या बोटीत पाणी ओढणारा पंप त्या पायातच आहे. तिथून पाणी सांध्यातल्या होजमधून आत येतं, स्टिअरिंगच्या तेलाच्या कूलरमधून थर्मोस्टॅटपाशी जातं, इंजिन थंड करतं आणि धुरासोबत बाहेर पडतं. मालवण-तारकर्लीला आउटबोर्ड चालवणारी पोरं इंजिन सुरू केलं की आधी मागे वळून बघतात, बाजूच्या भोकातून धार येते का. ती धार दिसली की निर्धास्त. इथे तशी धारच नाही. धुराबरोबर किती पाणी गेलं ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून होज सोडून बघण्याला पर्याय नाही.

दारात इंजिन चालवायचं तर पायावरच्या पाणी ओढायच्या जाळ्यांना दोन्ही बाजूंनी रबरी कप लावून बागेचा पाइप जोडतात. आधी नळ, मग चावी. हा क्रम मोडायचा नाही. पंपातल्या इम्पेलरची रबरी पाती पाण्याच्याच वंगणावर फिरतात, कोरडी फिरली तर थोडक्या वेळात जळतात. शिवाय नळाचं पाणी स्वतःच्या दाबाने आत घुसतं, त्यामुळे पंप कमजोर असला तरी झाकला जातो. असं असलं तरी दोन ठिकाणची तुलना इथेही करता येते.

थर्मोस्टॅटकडे जाणारा होज सोडून बादलीत धरला. पाणी आलं, पण जोर नव्हता. तो परत बसवून कूलरच्या अलीकडचा सोडला, तर बादली भराभर भरली. पंपापासून इथपर्यंत वाट मोकळी, खोट कूलरमध्ये.

कूलर काढून उजेडात धरला. पाणी शिरतं त्या तोंडाशी बारीक नळ्यांची भोकं दिसायला हवीत, तिथे काळं काहीतरी चिकटलं होतं. चिमट्याने ओढलं तर इम्पेलरचं पातं, मुळापासून तुटलेलं. त्यामागे आणखी तुकडे, मिठाच्या खपल्या आणि नखाएवढा शिंपला. “पण इम्पेलर तर गेल्या सीझनलाच नवा टाकलाय,” दादा म्हणाला. तो नवाच होता. हे तुकडे आधीच्याचे. जुना काढला तेव्हा पाती मोजून, कमी भरलेली कुठे गेली ते शोधायला हवं होतं. पंपातून सुटलेलं रबर पाण्याबरोबर पुढेच जातं आणि पहिल्या अरुंद जागी अडकतं. इम्पेलर बदलताना हे शोधणं माझ्या मते नवा बसवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

उलट्या बाजूने पाणी मारून कूलर धुतला. मग पायाचा खालचा भाग उतरवून पंपही उघडला. इम्पेलर स्टीलच्या वाटीत मध्यावर नसतो, एका अंगाला सरकलेला असतो. अरुंद बाजूची पाती कायम दुमडलेली. बोट हिवाळाभर उभी राहिली की तीच पाती तशी वाकूनच राहतात. दादाच्या इम्पेलरची दोन-तीन पाती सरळ होत नव्हती, म्हणून तोही बदलला. साबणाचं पाणी लावून, शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत आत सरकवला, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. वाटीला ओरखडे नव्हते, तीच ठेवली.

पुन्हा सुरू केल्यावर काट्याआधी एक्झॉस्टचे दोन्ही एल्बो तपासले. एक गार आणि दुसरा चटका देणारा निघाला असता, तर त्या बाजूला आणखी एक अडथळा धरावा लागला असता. दोन्हीकडे इन्फ्रारेड थर्मामीटरने जवळजवळ सारखाच आकडा दाखवला. दारातली तपासणी इथेच संपते. इंजिनावर खरा भार समुद्रातच पडतो, तेव्हा पुढची चाचणी साउदॅम्प्टनला, पूर्ण वेगात, एकाने सुकाणू धरून आणि दुसऱ्याने काट्यावरची नजर न काढता.