तीनशे किलोमीटर आणि पंधरा किलो

पाचवडच्या अलीकडे, महामार्गालगतच्या एका टपरीपुढच्या बाकावर मी बसलो होतो आणि मला हेल्मेटचा पट्टा सोडवता येत नव्हता. बोटे थरथरत होती. डोळ्यांसमोर ट्रकांचे दिवे एकाचे दोन होत होते. पहाटे सहाला पुण्याहून निघून, उंब्रजजवळून परतताना दोनशे किलोमीटर नुकतेच ओलांडले होते. टपरीवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, "भाऊ, सकाळधरनं काय खाल्लंय का?"

खाल्ले होते ते सांगायची लाज वाटली. दोन इडल्या, एक केळे आणि बिनसाखरेचे लिंबूपाणी. हे अनवधानाने झाले नव्हते, ठरवून केले होते. तीनशे किलोमीटर सायकल चालवायची आणि त्याच दिवशी जमेल तेवढी चरबी जाळायची, असा माझा दुहेरी बेत होता. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. खर्च वाढवला आणि जमा घटवली की शिल्लक उतरते, एवढे मला कळते असा माझा समज होता. तो कुठे चुकला, हे समजून घेण्यात पुढचे वर्ष गेले. हा लेख त्या वर्षाचा जमाखर्च आहे.

वय शेहेचाळीस, वजन ९६ किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वडिलांचा पाय याच आजाराने गेलेला मी पाहिला आहे, त्यामुळे 'पंधरा किलो उतरवा' हे डॉक्टरांचे वाक्य मी हसण्यावारी नेले नाही. सायकल घेतली आणि तिचाच नाद लागला. जानेवारीत दोनशे किलोमीटरची पहिली ब्रेव्हे पूर्ण केली. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या बळावर, वाटेतल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्के घेत पार करायचे : २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. पहिला कोण आला, हे कोणी विचारत नाही. या साऱ्या प्रकाराची पंढरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. ती १८९१ साली एका फ्रेंच वृत्तपत्राने शर्यत म्हणून सुरू केली. आता दर चार वर्षांनी हौशी लोक ते बाराशे किलोमीटर नव्वद तासांत पुरे करायला जगभरातून जातात, त्यात मराठी माणसेही असतात.

वजनाचा आणि सायकलचा संबंध चढावर कळतो. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. मी, सायकल आणि पिशवी मिळून १०८ किलो. एवढे ओझे नुसते वर उचलायला सुमारे ५८० किलोज्यूल काम लागते. माझ्यासारखा गडी पायडलवर दीडशे वॉट देऊ शकला, तर पासष्ट मिनिटे. दहा किलो कमी असते तर एकोणसाठ. सायकलचे वजन एक किलोने घटवायला लोक पन्नास-पन्नास हजार मोजतात, आणि पोटाचे दहा किलो फुकट उतरवायचे राहून जातात. सपाटीवर मात्र वजनाचे फारसे काही चालत नाही. तिथे खरा विरोधक वारा. म्हणून पुणे-साताऱ्यात वजन जितके छळते तितके समुद्रसपाटीच्या लांब रस्त्यावर छळत नाही.

आता भुकेकडे. एक सोयीचा योगायोग असा, की माणसाचे शरीर जाळलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोहोचवते, आणि एक किलोकॅलरी म्हणजे चारहून थोडे अधिक किलोज्यूल. त्यामुळे पायडलवर जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच किलोकॅलरी शरीरात जळतात. तीनशे किलोमीटरला माझ्या बेताच्या गतीने साडेपाच-सहा हजार. स्नायू आणि यकृत यांत मिळून ग्लायकोजेनचा साठा असतो जेमतेम पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार किलोकॅलरी. चरबी मात्र माझ्याकडे लाखभर किलोकॅलरींहून अधिक होती. मग उपाशी का मेलो?

चुलीचे उदाहरण घेतो. चरबी म्हणजे ओला ओंडका : रात्रभर जळेल, पण हळू. ग्लायकोजेन म्हणजे चिपाडे. जोर लागला, चढ आला, की शरीर चिपाडांकडे हात घालते, आणि ती संपली की ओंडका असूनही भाकरी भाजत नाही. शिवाय मेंदू चरबीवर सहसा चालत नाही, त्याला रक्तातली साखर लागते, आणि ती पुरवणारे यकृताचे कोठार छोटे. पाचवडला माझे पाय थकले होतेच, पण पट्टा सुटत नव्हता तो डोक्याची रसद तुटली म्हणून. बाईंनी चार चमचे साखरेचा चहा आणि बिस्किटांचा पुडा दिला. वीस मिनिटांत एकाचे दोन दिसणारे दिवे पुन्हा एक झाले. मी सायकल टेम्पोत टाकून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी काटा दोन किलो कमी दाखवत होता, आणि त्या मूर्ख क्षणी मला आनंद झाला. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. पाचशे ग्रॅम रिकामे झाले की दीड लिटर पाणीही जाते. गुरुवारपर्यंत ते सारे परत आले.

एक किलो चरबी म्हणजे ७७०० किलोकॅलरी, हा सर्वत्र सांगितला जाणारा हिशेब अमेरिकन डॉक्टर मॅक्स विश्नोफ्स्की यांच्या १९५८ च्या लेखातून आला. आकडा चरबीपुरता ठीक. पण तो शरीराला बँकेतले खाते समजतो, आणि खातेदार गप्प बसत नाही. जमा घटली की तो खर्चही घटवतो. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या शिकार करून जगणाऱ्या हाड्झा लोकांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षाने मला खुर्चीत सावरून बसवले : आपल्यापेक्षा कितीतरी अधिक चालणारे हे लोक, शरीराचे आकारमान लक्षात घेता, शहरी पाश्चात्त्यांइतकीच ऊर्जा खर्च करत होते. यावर अजून वाद आहेत. पण मी रविवारी शंभर किलोमीटर मारून सोमवार-मंगळवार जिनाही टाळत होतो, हे मला माहीत होते.

मग बेत बदलला. सायकलच्या दिवशी वजनाचा विचारच करायचा नाही. तासाला साठ ग्रॅम कर्बोदके, भूक लागण्याआधी. म्हणजे दोन केळी आणि गुळाचा खडा. बाजारातली महागडी जेली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिसळून देते, कारण आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या. गुळातली साखर फुटली की हेच दोन्ही मिळतात. आईने बांधून दिलेली दशमी आणि राजगिऱ्याचा लाडू यांनी बाकीचे भागवले. काटछाट फक्त विश्रांतीच्या दिवशी, तीही रोज चारशे-पाचशे किलोकॅलरींची. आणि स्नायू झडू नयेत म्हणून वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम प्रथिने. वाटीभर वरणात सात-आठ ग्रॅम असतात, त्यामुळे शाकाहारी घरात हा खरा कठीण पेपर. दही, पनीर, सोयाबीन आणि आईच्या टोमण्यांवर तो सुटला. ती ७२ च्या दुष्काळात सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली. मुद्दाम भूक मारणाऱ्या मुलाकडे ती कशी बघत असेल, याचा विचार मी आधी केला नव्हता.

चौदा महिन्यांत पंधरा नव्हे, आठ किलो उतरले. साखर ५.८. पुढच्या हिवाळ्यात तीच तीनशेची ब्रेव्हे १९ तास १० मिनिटांत पूर्ण झाली. पाचवडच्या टपरीवर थांबलो. बाईंनी मला ओळखले नाही. साखर किती, असे विचारले तेव्हा मी चार चमचे सांगितले. उरलेले सात किलो आणि सहाशे किलोमीटर, दोन्ही अजून बाकी आहेत. त्यातले आधी काय करायचे, हे मी या डिसेंबरपर्यंत ठरवणार आहे.