वास कुणाला दिसतो?

परवा मुलगी पुण्याहून आली, तेव्हा तिने स्वतःसाठी घेतलेली सेंटची बाटली माझ्यापुढे ठेवली. खोक्यावर पांढरी फुले आणि मागे पिवळेधमक ऊन. "उन्हाळ्यात लावायचा आहे बाबा, हलका आहे," ती म्हणाली. मी मनगटावर एक फवारा मारून घेतला. आधी नुसता स्पिरिटचा गारवा लागला. मिनिटभराने जो वास वर आला, तो मात्र पुण्याचाही नव्हता आणि परदेशचाही नव्हता. तो लातूरच्या आमच्या जुन्या घराच्या न्हाणीमागचा होता. मोगऱ्याचा!

सुगंधाचा धंदा करणारे मोगरा, जाई, निशिगंध, अनंत आणि संत्र्याचा मोहोर या सगळ्यांना मिळून 'पांढरी फुले' असे एकच नाव देतात. यांतली बरीच फुले संध्याकाळनंतर दरवळतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे रात्री हिंडणारे पतंग. अंधारात रंगाचा काय उपयोग? म्हणून पांढरा पोशाख आणि दुरून बोलावणारा वास. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचे एक द्रव्य असते. ते नुसते हुंगले तर डांबराच्या गोळ्यांची आठवण होऊन नाक मुरडावे लागते. फुलात ते अगदी थोडे असते आणि तेवढ्यानेच त्या गोडव्याला खोली येते. संसारातही थोडा कडवटपणा असाच मुरलेला असतो म्हणतात. पण तो किती असावा, याचे माप कुणी सांगत नाही.

माझे बालपण लातूरचे. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला तो १९८२ साली. आमच्या न्हाणीचे पाणी मागच्या परसात जाई आणि त्या पाण्यावर आईने बटमोगऱ्याचे झुडूप वाढवले होते. थंडीत ती त्याचे पाणी तोडी, छाटणी करी, बुडाशी शेणखत घाली. फाल्गुनात कळ्या धरत. मोगऱ्याची कळी तोडल्यावरही जिवंत असते. सकाळी तोडलेली टपोरी कळी संध्याकाळी ओल्या फडक्यात उमलते आणि रात्रभर वास देत राहते. चार कळ्या देवाला, दोन माठातल्या पाण्यात आणि उरलेल्यांचा गजरा आईच्या अंबाड्यावर. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन असले, तरी संध्याकाळी आई जवळून गेली की घरात गारवा आल्यासारखे वाटे.

१९७४ साली वडील गेले. मी पंधरा वर्षांचा होतो आणि आई चाळिशीची. झुडूप राहिले, छाटणी राहिली, कळ्या तोडणेही राहिले. गजरा मात्र गेला. आई पूर्वीसारखीच गजरे ओवी, पण ते शेजारणींसाठी, माझ्या ताईसाठी आणि देवासाठी. ओवून झाले की बोटे एकदा नाकाशी नेई आणि उठे. हे मी रोज पाहत होतो. त्यात काही पाहण्यासारखे आहे, असे मात्र मला तेव्हा वाटत नव्हते.

पुढे मी बँकेत लागलो आणि १९८७ साली नांदेडला बदली झाली. लग्न झालेले होते, आई आमच्याबरोबर आली. गोदाकाठचे नांदेड मला पहिल्यापासून वासांचे गाव वाटले. गुरुद्वाऱ्याच्या बाजूने येणारा कढाप्रसादाच्या तुपाचा वास, बाजारात मुदखेडकडून येणारी फुले आणि इतवाऱ्यातली अत्तरे. निजामाचे राज्य १९४८ साली गेले, पण कानात फाया ठेवण्याची रीत काही गेली नव्हती.

इतवाऱ्यात एका बोळात म्हातारे अत्तरवाले चाचा बसत. बँकेत त्यांचे छोटे खाते होते, त्यावरून ओळख झाली. "साब, गर्मी में मोतिया, खस, ठंड में हिना," हा त्यांचा पहिला धडा. मोतिया म्हणजे आपला मोगराच. हिना अंगाला ऊब देतो, तो उन्हात डोके धरायला लावतो. मोतिया घामातही स्वच्छ राहतो, असे त्यांचे म्हणणे.

अत्तर कसे निघते, तेही त्यांनीच समजावले. कनौजला तांब्याच्या मोठ्या डेगात फुले आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात आणि खाली मंद आच ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका म्हणजे लांब मानेचे भांडे. ते गार पाण्यात बसवलेले असते आणि त्यात चंदनाचे तेल असते. वाफ निवते, पाणी वेगळे होते, वास तेवढा तेलात राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुले, तेल तेच. असे दिवसामागून दिवस. आता चंदन इतके महागले आहे की पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी दुसरे काही घालतात. पण रीत तीच. स्पिरिटचा सेंट उडून जातो, तेलातले अत्तर अंगाच्या उबेने हळूहळू सुटते. "तेल में बैठी खुशबू पानी से नहीं जाती साब," चाचा म्हणाले होते. हे वाक्य पुढे मला फार वेगळ्या रीतीने समजायचे होते.

मी एक लहान कुपी घेतली आणि घरी येऊन आईच्या हातावर ठेवली. तिने बूच काढले, डोळे मिटले आणि लगेच बूच लावले. "मला कशाला रे? लोक काय म्हणतील?" मी बँकेतला माणूस, नियमातून वाट काढण्याची सवय. म्हटले, "आई, हा काही गजरा नाही. वास कुणाला दिसतो?"

ती हसली. वडील गेल्यानंतर तिचे असे हसणे मी प्रथमच पाहिले. कुपी तिच्या लुगड्यांच्या घडीखाली गेली. रोज आंघोळीनंतर मनगटावर एक थेंब. मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढच्या चैत्रात बायकोने गौरीचे हळदीकुंकू केले. डाळ वाटली आईने, पन्हे केले आईने, दुपारपासून गजरे ओवले आईने. बायका येऊ लागल्या तशी ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी त्या दिवशी लवकर सुटून मागच्या दाराने घरात शिरत होतो. तेवढ्यात पन्ह्याचे पेले न्यायला एक शेजारीण आत आली. बाई मनाने चांगली, बोलणे सहज. "अगंबाई काकू, इथं अत्तर कुणी लावलंय?"

"सुनेचं असेल," आई म्हणाली.

शेजारीण गेली. आईने चिमूटभर डाळीचे पीठ घेतले, मोरीवर बसली आणि मनगट घासू लागली. पाणी ओतले, हुंगले, पुन्हा घासले. मनगट लाल झाले. वास जाईना. मी दारात उभा आहे हे तिच्या लक्षात आले, तेव्हा म्हणाली, "काय बघूलालास? जा बाहेर."

मी बाहेर गेलो. बायका परतल्यावर बायकोला हे सांगितले, तेव्हा तिने उरलेला एक गजरा आईपुढे धरला. आईने तो देवाला वाहिला. दुसऱ्या दिवशी कुपी माझ्या टेबलावर होती. त्यावर आमचे कधीच बोलणे झाले नाही.

मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या विधवांना पानोपानी धीट केले. घरातल्या बाईला मात्र मी लपवण्याची युक्ती तेवढी शिकवली होती. "आई, गजरा घाल, कोण काय म्हणते ते मी पाहतो," हे वाक्य मला कागदावर जमले, मोरीशेजारी उभे राहून जमले नाही. आणि वास लपत नसतो, हे अत्तरवाल्याने सांगूनही मला कळले नव्हते.

म्हातारपणी आई लातूरच्या घरी परतली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात ब्याऐंशी वर्षांची आई तांदूळ धुतलेले पाणी वाटीत जमवून मोगऱ्याच्या बुडाशी ओतत होती. "प्यायला पाणी नाही आणि हिचं फूल!" असे कुणी म्हणालेही. झुडूप जगले. २०१८ साली आई गेली.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसणे नको, बांगड्या फोडणे नको, मंगळसूत्र काढणे नको. त्याच महिन्यात सरकारने सगळ्या गावांना हा कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले. ठरावाने मने बदलत नाहीत, हे तीस वर्षे परिपत्रके वाचलेल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण एका गावाने ते मोठ्याने म्हटले. मी घरातल्या घरातसुद्धा म्हटले नव्हते.

माझी ताई २०२१ साली कोरोनात एकटी झाली. ती लातूरलाच असते. यंदाच्या चैत्रात आमच्या त्याच घरी हळदीकुंकू होते. मी सकाळीच गंजगोलाईत गेलो. तिथे सोळा रस्ते येऊन मिळतात. मला त्यांतल्या एकाच रस्त्यावर काम होते. गजरे घेतले, ताईपुढे पान ठेवले आणि पन्नास वर्षे उशिराचे ते वाक्य म्हटले. ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली. मग माझ्या बायकोकडे पाठ करून म्हणाली, "नीट माळ गं, मला मागचं दिसत नाही."

संध्याकाळी बायकांनी घर भरले. मी ओसरीवर बसलो होतो. आतून कुणीतरी विचारले, "एवढा छान वास कुणाचा येतोय?"

"माझा," ताई म्हणाली.