किल्ल्याएवढे राज्य

२५ ऑक्टोबर १७९९ रोजी सरफोजी राजांनी ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला आणि कावेरीच्या खोऱ्यातले मराठ्यांचे राज्य एका किल्ल्यात मावले. भाताची शेते, कालवे, बंदरे, महसूल सगळे कंपनीकडे गेले. राजांना वर्षाला एक लाख होन, निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा आणि तंजावरचा किल्ला मिळाला. किल्ल्याच्या हद्दीतला कारभार आणि न्याय त्यांच्याकडे राहिला. पुढची छप्पन्न वर्षे शहराचा हा एक भाग छत्रपतींच्या नावाने चालला. आपण या काळाकडे अस्ताचा काळ म्हणून पाहतो. मला वाटते, मराठी कारभाराचे इतके बारीक, इतके निगुतीचे रूप दुसरीकडे क्वचितच दिसेल.

किल्ला मराठ्यांनी बांधलेला नाही. तंजावरचे पहिले मराठा राजे व्यंकोजी १६७५च्या सुमारास आले तेव्हा त्यांच्या आधीच्या नायक राजांची तटबंदी उभी होतीच. तिचे भाग दोन. धाकट्या कोटात राजराज चोळाचे बृहदीश्वर मंदिर आणि शिवगंगा तलाव, तर थोरल्या कोटात राजवाडा आणि वस्ती. थोरल्या कोटाभोवती खंदक होता. तट बराचसा गेला, तरी त्याच्या कडेचे रस्ते आजही ‘अलंगम’ म्हणूनच ओळखले जातात: कीळ अलंगम, मेल अलंगम, वड अलंगम. पूर्व दरवाज्यापाशी, बीरंगी मेडू नावाच्या उंचवट्यावर, नायककाळातली घडीव लोखंडाची अवाढव्य तोफ अजून पडून आहे.

कोटाच्या आत चार राजवीथी आहेत, पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर. बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाचा रथ याच रस्त्यांवरून फिरायचा. तो सुमारे शतकभर बंद राहिला आणि २९ एप्रिल २०१५ रोजी नव्या रथाने पुन्हा हीच फेरी घेतली. मनोजीअप्पा वीथीचे नाव वाचले की मराठी माणूस थबकतोच. तंजावरच्या प्रतापसिंह राजांचे सेनापती मनोजी जगताप यांचे नाव इथल्या टपालाच्या पत्त्यांत टिकून आहे.

या चौघींत पश्चिम राजवीथीचे भाग्य थोर. कांचीपुरमहून हलवलेली बंगारू कामाक्षी याच रस्त्यावर वसली. तिचे पुजारी घराणे म्हणजे श्यामा शास्त्रींचे. कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एकाचे घर आणि त्यांची देवी एकाच वीथीत होती. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांचे घरही इथलेच. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो क्रम आज जगभर पाळला जातो, तो या भावांनी सरफोजींच्या आश्रयाने बांधला. एका मराठी राजाच्या कोटात हे घडले. पुण्यामुंबईच्या सभागृहात अलारिप्पू सुरू होताना आपल्यापैकी कितीजणांना याची आठवण असते?

बाहेरचा मुलूख हातून गेल्यावर सरफोजींनी सारे लक्ष आत वळवले. राजवाड्यात त्यांनी ‘नवविद्याकलानिधी’ हा देवनागरी छापखाना उभारला आणि १८०६मध्ये इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने मराठीत छापून घेतल्या. मुंबईत मराठी ग्रंथछपाई रुजण्याआधीची ही गोष्ट! त्याच राजवाड्यात धन्वंतरी महाल होता. तिथल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह आजही सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. १८०३मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. चोळांच्या दगडावर देवनागरी अक्षरांच्या ओळीमागून ओळी उतरल्या.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी सरफोजींचे वारस दुसरे शिवाजी राजे पुत्राविना गेले आणि कंपनीने कोटही घेतला. दुसऱ्या वर्षी तिने राजघराण्याची खाजगी मालमत्ताही जप्त केली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दावा लावला आणि जिंकल्या. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८५९मध्ये तो निकाल फिरवला. सार्वभौम सत्तेने राजकीय अधिकारात केलेल्या कृतीवर न्यायालयाला बोलता येत नाही, असे कौन्सिलचे म्हणणे. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. मालमत्ता १८६२मध्ये सरकारनेच घराण्याला परत दिली. ती देण्याची वेळ आली, यातच राणीसाहेबांची बाजू किती खरी होती ते दिसते.

पुढचा प्रशासकीय इतिहास चटकन सांगता येतो. जिल्ह्याचे ठाणे १८६०मध्ये तरंगंबाडीहून तंजावरला आले, १८६६मध्ये नगरपालिका झाली आणि २०१४मध्ये महानगरपालिका. कोट आज तिच्या ५१ प्रभागांपैकी काहींमध्ये वाटला गेला आहे. मोठ्या देवळासह ८८ मंदिरांचे पॅलेस देवस्थान मात्र वंशपरंपरेने भोसले घराण्याकडे राहिले. पाण्याची कथा जास्त आनंदाची आहे. शिवगंगा तलावातून भूमिगत नळांनी कोटातल्या अय्यनकुळम तळ्याला पाणी पुरवणारी जुनी योजना होती, तिचे नाव जलसूत्रम. नळ बुजले होते, तळे कोरडे पडले होते. स्मार्ट सिटी योजनेत ते नळ मोकळे केले आणि तळ्यात पुन्हा पाणी आले.

राहतो तो कागद. १९१८मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत आणि राजदप्तरातले मोडी रुमाल शेकड्यांनी. कोणाला काय दिले, कशाला किती खर्च आला, कोणत्या देवळाला तेल गेले, अशा नोंदींतून या वस्तीचे रोजचे जगणे उलगडते. तंजावरच्याच तमिळ विद्यापीठाने त्यातले निवडक कागद तमिळमध्ये छापले. तमिळ अभ्यासक आपल्या शहराचा इतिहास त्यांतून लिहीत आहेत. महाराष्ट्रात दर सुट्टीत मोडीचे वर्ग भरतात, तिथून शिकून निघणाऱ्या मुलांना वाचायला एक अख्खे शहर तंजावरात बांधून ठेवलेले आहे.